बंब कोणाचा, हद्द कोणाची, हे सिंहस्थाआधी कागदावर ठरवा

प्रति,
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका,
मा. जिल्हाधिकारी, नाशिक,
मा. आयुक्त, मालेगाव महानगरपालिका,
आणि जिल्ह्यातील सर्व नगरपरिषदा व नगरपंचायतींचे मुख्याधिकारी

सप्रेम नमस्कार.

२ ऑगस्ट २०२७ ला नाशिकमध्ये सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान आहे. २०१६ साली बरोबर याच तारखेला गोदावरी सराफ बाजार आणि भांडी बाजारात शिरली होती. २०१९ चा पूर ४ ऑगस्टचा. दुसरं स्नान ३१ ऑगस्टला आहे, तिसरं ११ सप्टेंबरला, आणि २००८ चा पूर १९ सप्टेंबरला आला होता. रामकुंडावर पाय ठेवायला जागा नसेल त्याच दिवसांत त्र्यंबकच्या डोंगरांवर पाऊस कोसळत असण्याची आणि गंगापूर धरणातून पाणी सोडावं लागण्याची शक्यता आहे. हे आज, इतके महिने आधी, आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

घाट, पूल, बाह्यवळण रस्ते, साधुग्राम यांवर सध्या रोज चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. मी लिहितोय ते मात्र दुसऱ्या एका कामाबद्दल. या कामाला सिमेंट लागत नाही, निविदा लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच ते मागे पडतं. त्या दिवशी नाशिकचं स्वतःचं बळ अपुरं पडलं तर शेजारच्या शहरांकडे मदत मागणार कोण? येणार कोण? आलेली माणसं कोणाच्या हुकमात काम करणार, त्यांच्या डिझेलचा खर्च कोणाच्या खात्यावर पडणार, आणि त्यांच्यातला एखादा जायबंदी झाला तर त्याच्या घरच्यांकडे कोण बघणार? या प्रश्नांची उत्तरं नाशिक, मालेगाव, जिल्ह्यातल्या नगरपरिषदा आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या महापालिका यांनी मिळून एका परस्पर मदत करारात लिहावीत, त्यावर सह्या कराव्यात, आणि २०२७ च्या पावसाळ्याआधी त्याची रंगीत तालीम करावी, ही माझी विनंती आहे.

मी अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत सुरक्षा विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. आग, गळती, स्फोट यांत मदत मागणं आणि मदत देणं दोन्ही जवळून पाहिलं आहे. त्यातलाच एक प्रसंग सांगतो, कारण मला जे म्हणायचंय ते त्यात पुरतं आहे.

एका मध्यरात्री शेजारच्या कारखान्यात सॉल्व्हंटच्या शेडला आग लागली. फोन आला आणि आम्ही धावलो, आजूबाजूच्या आणखी दोन-तीन कारखान्यांची पोरंही धावली. माणसं भरपूर होती, पाणी होतं, फोमचे कॅनही प्रत्येकाने आणले होते. पण आमचा फोम तीन टक्क्यांचा आणि दुसऱ्यांचा सहा टक्क्यांचा, म्हणजे पाण्यासोबतच्या शंभर भाग मिश्रणात आमचा तीन भाग पुरतो, त्यांचा सहा भाग लागतो. पाण्याच्या धारेत फोम ओढून घेणारा इंडक्टर तीनवर लावलेला होता. धुरात, अंधारात, पाठीवर सिलिंडर घेऊन उभा असलेला माणूस कॅनवरचं लेबल वाचत बसत नाही. सहाचा कॅन तीनवर लागला आणि नोझलमधून दाट थराऐवजी पातळ फेसाळ पाणी पडू लागलं. शेडवर थर धरेच ना. एका जुन्या फायरमनने खाली साचलेला फेस ओंजळीत घेतला, तो बोटांतून गळून गेला, आणि तो ओरडला, "कॅन बघा रे आधी!" तिथून पुढे दहा मिनिटांत आग आटोक्यात आली. कोणाचा जीव गेला नाही.

खरी कटकट नंतर सुरू झाली. ज्यांनी फोम दिला त्यांच्या स्टोअरला तो परत हवा होता. ज्यांच्याकडे वापरला गेला त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना बिल हवं होतं. बिलासाठी ऑर्डर हवी, आणि ऑर्डर कोणी काढलीच नव्हती, कारण रात्री एकाने दुसऱ्याला फोनवर "लवकर या" एवढंच म्हटलं होतं. काही महिने हे चाललं, आणि पुढच्या वेळी एका कारखान्याच्या व्यवस्थापकाने स्पष्ट सांगितलं की लेखी मागणी आल्याशिवाय गाडी गेटबाहेर जाणार नाही. त्या माणसाचा राग मला तेव्हा आला होता, पण त्याची बाजूही खरी होती. ऑडिटला उत्तर त्यालाच द्यायचं होतं. शेवटी आम्ही सगळे बसलो आणि दोन पानांचा कागद केला. फोन कोणाला करायचा, फोनवरची मागणी पुरेशी आहे आणि कागद दुसऱ्या दिवशी, आत गेल्यावर हुकूम यजमान कारखान्याच्या माणसाचा, वापरलेला फोम ठरावीक दिवसांत तेवढाच आणि त्याच टक्क्याचा परत करायचा. आणि सगळ्यांनी फोम एकाच टक्क्याचा घ्यायचा. त्यानंतर गाडीसाठी गेटवर कधी वाद झाला नाही.

शहरांचंही असंच होतं, आणि हे जगाने फार पूर्वी अनुभवलं आहे. १९०४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराला मोठी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कहून बंब मदतीला आले, पण त्यांच्या होजची जोडणी बाल्टिमोरच्या हायड्रंटला, म्हणजे रस्त्यावरच्या पाण्याच्या नळाला, बसेना. मदत दारात उभी राहिली आणि शहर जळत राहिलं. दीड हजारांहून जास्त इमारती गेल्या. त्यातून होजच्या जोडणीचं एक माप ठरवण्याच्या कामाला तिथे वेग आला. आपल्याकडे ही अडचण आयएस ९०३ या भारतीय मानकामुळे बऱ्याच अंशी सुटली आहे. ६३ मिलिमीटरचं कपलिंग नाशिकच्या बंबाला बसतं तसं धुळ्याच्याही बसतं. होज जुळतो. जुळत नाहीत त्या बाकीच्या गोष्टी: बाहेरगावच्या बंबाकडे आपल्या चॅनेलचा वायरलेस सेट नसतो, चालकाला पंचवटीतल्या बोळांचा अंदाज नसतो, पाणी कुठे भरायचं हे सांगणारं कोणी सोबत नसतं, आणि त्याला आपल्या साहेबांखेरीज कोणाचा हुकूम मानायचा हेही माहीत नसतं.

आता कायद्याकडे येतो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं अध्यक्ष केलं. कलम ६५ प्रमाणे आपत्तीच्या वेळी वाहनं, जागा, साहित्य ताब्यात घेता येतं आणि कलम ६६ प्रमाणे त्याची भरपाई द्यावी लागते. २०२५ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार महापालिका असलेल्या शहरांसाठी राज्य सरकार वेगळं नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमू शकतं. त्याचे अध्यक्ष महापालिका आयुक्त आणि उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. त्यात नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण वेगळं. तिन्हींचा हेतू चांगला आहे. पण मालेगावहून निघालेल्या बंबाच्या चालकाने द्वारका चौकात थांबून विचारलं, "कोणाला रिपोर्ट करू?", तर त्याला एकच उत्तर मिळायला हवं. ते उत्तर त्या रात्री शोधायचं नसतं.

शिवाय जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम जिल्ह्याच्या वेशीपर्यंत चालतो. धुळ्याची रुग्णवाहिका किंवा छत्रपती संभाजीनगरचा बंब नाशिकमधून ताब्यात घेता येत नाही. तिथे विनंती करावी लागते, ती मंत्रालयामार्गे जाते किंवा दोन अधिकाऱ्यांच्या ओळखीवर जाते. आजवर ओळखीने बरंच निभावलं आहे आणि त्या अधिकाऱ्यांचे उपकारच मानायला हवेत. पण अधिकारी बदलून जातात आणि ओळखही त्यांच्यासोबत जाते.

मराठी माणसाला परस्पर मदत शिकवावी लागत नाही. गावाकडे इर्जिक असते: एकाच्या रानात सगळ्यांचे बैल येतात, दिवसभर नांगरट होते आणि संध्याकाळी जेवण यजमानाकडे. त्यात कोण किती बैल आणणार, वैरण कोणाची, पुढची पाळी कोणाची, हे सगळ्यांना आधीपासून माहीत असतं. कोणी बांधावर उभं राहून भांडत नाही. महापालिकांच्या बाबतीत हे "माहीत असणं" कागदावर उतरवावं लागतं, कारण तिथे माणसं बदलतात आणि पैसा लोकांचा असतो.

जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवून पाहू या. इगतपुरीजवळ समृद्धी महामार्गाचा सुमारे पावणेआठ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे. एक तोंड इगतपुरीकडे, म्हणजे नाशिक जिल्ह्यात. दुसरं कसाऱ्याकडे, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. बोगद्याच्या मधोमध एखादा ट्रक पेटला तर धूर कुठल्या बाजूने बाहेर पडेल ते जिल्ह्याची हद्द बघून ठरत नाही. ज्या बाजूने धूर येतोय त्या बाजूचा बंब आत शिरू शकत नाही. दुसऱ्या बाजूच्या बंबाला शिरावं लागतं. म्हणजे इथे दोन जिल्ह्यांच्या यंत्रणा एका माणसाच्या हुकमात असल्याशिवाय पहिलं पाऊलच टाकता येत नाही. महामार्गाची स्वतःची यंत्रणा बोगद्यावर आहेच, पण मोठी आग एकट्या यंत्रणेच्या हातात राहत नाही. १ जानेवारी २०२३ ला इगतपुरी तालुक्यातल्या मुंढेगावच्या कारखान्याला लागलेली आग आठवा. ती विझवायला किती ठिकाणचे बंब लागले आणि किती वेळ गेला, ते आपण सगळ्यांनी पाहिलं.

त्र्यंबकेश्वर हे छोटं नगरपरिषदेचं गाव आहे. सिंहस्थात तिथे स्नानाच्या दिवशी गावाच्या लोकसंख्येच्या कित्येक पट माणूस उतरतो. नाशिकहून तिथवर जेमतेम तीस किलोमीटर, पण पर्वणीच्या दिवशी त्या तीस किलोमीटरला किती तास लागतील ते कोणी सांगू शकणार नाही. त्यामुळे त्र्यंबकला लागणारी मदत पर्वणीच्या आदल्या रात्रीच त्र्यंबकमध्ये उभी असली पाहिजे, आणि ती तिथे उभी असताना तिचा हुकूम नाशिकच्या कंट्रोल रूममधून सुटणार की त्र्यंबकच्या मुख्याधिकाऱ्यांकडून, हे ठरलेलं असलं पाहिजे.

खालच्या अंगाला निफाड तालुका. गंगापूरमधून विसर्ग वाढला की नाशिकमध्ये आपण गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो, पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, यावर पुराचा अंदाज बांधतो. तेच पाणी पुढे दारणेचं पाणी घेऊन सायखेडा-चांदोरीला जातं, आणि तिथे घरांत शिरतं. २०१६ ला शिरलं, २०१९ ला शिरलं. या गावांतल्या पोहणाऱ्या तरुणांनी, होड्या चालवणाऱ्यांनी अनेकांना बाहेर काढलं आहे; पुराच्या पाण्यात होडी कशी धरायची, हे त्यांना जितकं कळतं तितकं शहरातल्या फार थोड्यांना कळत असेल. नाशिक महापालिकेने या गावांना आपल्या कराराचा भाग करावं. रामकुंडावर गर्दीत जीवरक्षक कमी पडले तर ही मंडळी वर यावीत, आणि पाणी खाली सरकलं की नाशिकच्या रबरी बोटी त्यांच्याकडे जाव्यात. महापालिका मोठी आणि ग्रामपंचायत लहान, म्हणून एकीने फक्त द्यायचं आणि दुसरीने फक्त घ्यायचं, असं मदतीत नसतं.

यात एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिच्यावर फारसं कोणी बोलत नाही. आपण मदत कोणाकडे मागायची हे ठरवताना जवळचं शहर बघतो. नाशिकसाठी ते ठाणे, कल्याण, भिवंडी, मुंबई. ठाण्याचं आपत्ती प्रतिसाद दल २०२१ च्या जुलैमध्ये महाडला धावून गेलं होतं, त्यांचं काम उत्तम आहे. पण आपला पाऊस आणि त्यांचा पाऊस एकच असतो. २ ऑगस्ट २०१६ ला इथे गोदावरी बाजारात होती, त्याच रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला. घाटावर ढग बसले की कोकण, ठाणे, इगतपुरी, त्र्यंबक सगळे एकदम भिजतात, कसारा घाटात दरड येते, आणि ज्याच्याकडे मदत मागायची त्याच्याच दारात पाणी असतं. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, तुकडी पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याहून निघते. त्याच दिवशी कोल्हापूर, सांगली, रायगड या सगळ्यांना ती हवी असते.

म्हणून नाशिकने पूर्वेकडे तोंड करावं. मालेगाव, धुळे, जळगाव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर. घाटमाथ्यावर धो धो कोसळत असतो तेव्हा या भागात बहुतेक वेळा उघडीप किंवा रिमझिम असते. मालेगाव शंभरेक किलोमीटरवर आहे, धुळे दीडशेच्या पुढे, रस्ता चौपदरी आणि घाट फार नाहीत. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडीही धुळ्यातच आहे. हा करार उलट्या दिशेनेही तितकाच कामाचा आहे. मालेगावात यंत्रमागांच्या दाट वस्तीत आग लागली, मनमाडजवळ पानेवाडीच्या तेल डेपोंच्या परिसरात काही घडलं, तर नाशिकचे बंब आणि नाशिकचा फोम तिकडे गेला पाहिजे, आणि तो कोणाच्या मेहेरबानीने जाता कामा नये.

जपानमध्ये २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर हेच तत्त्व वापरलं गेलं. कान्साई भागातल्या प्रांतांनी आपापसांत वाटणी केली: ओसाका आणि वाकायामा इवातेला मदत करणार, ह्योगो, तोत्तोरी आणि तोकुशिमा मियागीला, शिगा आणि क्योतो फुकुशिमाला. ज्यांना धक्का बसला नव्हता अशा दूरच्या प्रांतांनी एकेका प्रांताची जबाबदारी घेतली आणि महिनोन्‌महिने निभावली. सगळ्यांनी सगळ्यांना थोडंथोडं देण्यापेक्षा हे बरं, कारण तिथे जाणाऱ्या माणसांना समोरच्या कार्यालयातली माणसं, रस्ते, गरजा हळूहळू माहीत होतात. आपल्याकडेही तसंच करता येईल. धुळ्याने त्र्यंबकेश्वर धरावं, मालेगावने पंचवटी धरावी. त्यांच्या अधिकाऱ्यांनी आधी दोनदा येऊन गल्ल्या पायी फिराव्यात, पाणी भरण्याच्या जागा बघाव्यात, होळकर पुलावरून गाडी किती वेळात वळते ते पाहून ठेवावं.

पैशाबद्दल अमेरिकेतल्या राज्यांचा करार अभ्यासण्यासारखा आहे. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर त्याची जुळवाजुळव सुरू झाली, १९९६ मध्ये त्यांच्या काँग्रेसने त्याला मंजुरी दिली, आणि आता सगळी पन्नास राज्यं त्यात आहेत. त्याचा गाभा साधा आहे. मागणारा खर्च देतो. मदतीला गेलेल्या माणसाला इजा झाली तर त्याचं स्वतःचं राज्य त्याला तसंच सांभाळतं, जसं घरी काम करताना सांभाळलं असतं. एका राज्यातला डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ यांचा परवाना दुसऱ्या राज्यात त्या काळापुरता मान्य. आणि चांगल्या हेतूने केलेल्या कामाबद्दल त्या माणसाला परक्या राज्यात कोर्टात खेचायचं नाही. आपल्याला सगळं तसंच्या तसं घ्यायची गरज नाही. पण खर्चाचा दर आधी ठरवला, समजा बंबाचा तासाचा दर, माणसाचा दिवसाचा भत्ता, वापरलेलं साहित्य तेवढंच परत, आणि पहिले बारा तास कोणी कोणाकडे हिशेब मागायचा नाही, तर लेखापरीक्षणात अडकण्याची भीती उरणार नाही. महापालिका अधिनियमातलं कलम ६७(३)(क) आयुक्तांना तातडीच्या वेळी मंजुरीची वाट न बघता खर्च करायची मुभा देतं. पण दर आधीच स्थायी समितीने आणि महासभेने मान्य केलेले असतील तर आयुक्तांना एकट्याच्या सहीवर रात्रीचा निर्णय खेचावा लागणार नाही.

माणसांच्या विम्याबद्दल मात्र मी हात जोडून सांगतो. बऱ्याच पालिकांत अग्निशमनाची भरती वर्षानुवर्षं रखडलेली असते, आणि बंबावर चढणाऱ्यांत मानधनावरची, ठेकेदाराकडची पोरं असतात. ठेकेदाराचा करार त्या शहराच्या हद्दीपुरता. ते पोर दुसऱ्या शहराच्या आगीत गेलं, छप्पर कोसळलं, तर त्याच्या आईला कोणी काय द्यायचं यावर तीन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतील. करारात पहिल्या पानावर लिहा की मदतीला निघालेला प्रत्येक माणूस, कायम असो वा मानधनावर, गाडीत बसल्यापासून परत येईपर्यंत कामावर आहे, आणि त्याचा विमा त्या संपूर्ण वेळेला लागू आहे. एवढं नाही लिहिलं तर बाकीचं लिहूच नका.

मदत देणाऱ्या शहराचीही बाजू आहे. शिंगाडा तलावाच्या मुख्यालयातून दोन बंब सिन्नरला गेले की सिडकोत लागलेल्या आगीला पोहोचायला जो उशीर होईल त्याची जबाबदारी आयुक्तांवर येते. त्यामुळे मोठं मन असूनही हात आखडतो. यावर उपाय आहे: मदत निघताच मागची रिकामी जागा कोण भरणार हे ठरलेलं असावं. औद्योगिक वसाहतींचं स्वतःचं अग्निशमन दल आहे, ओझरला विमान कारखाना आहे, देवळालीला लष्कर आहे, नाशिकरोडला नोटांचं मुद्रणालय आहे. या सगळ्यांची सुरक्षा यंत्रणा आपापल्या जागेसाठी आहे आणि त्यांच्या मर्यादा मान्य करूनच बोलावं लागेल. पण शहराचे बंब बाहेर असताना आपल्या दाराबाहेरच्या दोन किलोमीटरवर लक्ष ठेवायला यातले किती तयार होतील, हे एकदा बैठक घेऊन विचारायला हरकत नाही. रासायनिक अपघातांसाठी १९९६ च्या नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर संकट गट नेमायला सांगितलेलेच आहेत, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांचा 'मार्ग' नावाचा परस्पर मदत गट काम करतो. नवं काही शोधायचं नाही. जे आहे ते शहराच्या करारात ओवायचं आहे.

रुग्णालयांचं वेगळं लिहितो, कारण ते दुःख या शहराचं आहे. २१ एप्रिल २०२१ ला महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब पडला आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. त्याच आठवड्यात, २४ एप्रिलला, विशाखापट्टणमहून निघालेली ऑक्सिजन एक्स्प्रेस नाशिकला पोहोचली. म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकावरून टँकर आणण्याची ताकद आपल्याकडे होती. पण दाब पडल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात कामाला येतं ते दोन-तीन किलोमीटरवरच्या रुग्णालयातलं भरलेलं जंबो सिलिंडर, ते उतरवणारी चार माणसं, आणि ते मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडर वॉर्डांच्या पाइपलाइनला जोडणाऱ्या नळ्यांना, लावणारा तंत्रज्ञ. ज्यांची माणसं गेली त्यांच्या दुःखापुढे मी काही बोलू शकत नाही. पण जिल्हा रुग्णालय, बिटको, आडगावचं वैद्यकीय महाविद्यालय आणि शहरातली मोठी खासगी रुग्णालयं यांच्यात आज असा करार असावा की एका रुग्णालयाच्या ऑक्सिजन कक्षातून फोन गेला की दुसऱ्याच्या कक्षातून गाडी निघते, परवानगी नंतर. तंत्रज्ञाने तंत्रज्ञाला फोन करायचा. अधीक्षकांच्या सहीची वाट बघायची नाही. सिंहस्थात चेंगराचेंगरी झाली, आणि २७ ऑगस्ट २००३ ला ती झाली होती, तर एका तासात जखमी कुठल्या रुग्णालयात किती न्यायचे हेही याच करारात बसतं. सगळे रुग्ण जवळच्या एका रुग्णालयात ओतले जाणं हीच अशा वेळची दुसरी आपत्ती असते.

तालमीबद्दल थोडंच. मॉक ड्रिल सकाळी अकराला, कोरड्या दिवशी, बॅनर लावून आणि छायाचित्रकार बोलावून होते. त्यातून काही प्रमाणात शिकायला मिळतं. पण एकदा जुलैच्या पावसात रात्री दोन वाजता, कोणालाही न सांगता, नाशिकच्या कंट्रोल रूममधून धुळ्याला मागणी करून बघा. किती मिनिटांत फोन उचलला गेला, गाडी किती वेळात निघाली, चांदवडच्या टोलवर तिला अडवलं का, आडगावला तिला घ्यायला वाटाड्या उभा होता का, आणि चालकाच्या हातात चहाचा कप पडला का. हे सगळं वहीत लिहा आणि ती वही वर्तमानपत्रांना द्या. त्यात ज्या त्रुटी दिसतील त्यांबद्दल आम्ही नागरिक कोणाला दोष देणार नाही, उलट आधी कळल्या म्हणून आभार मानू.

महापौर आणि नगरसेवकांनाही सांगणं आहे. हा विषय महासभेत आणा. आपल्या प्रभागाचा बंब दुसऱ्या गावाला का पाठवला, असं विचारणारा मतदार भेटेल; त्याला समजावून सांगायचं काम तुमचं आहे, आणि ते अधिकाऱ्यांना जमणार नाही.

मसुदा लिहायला मनुष्यबळ नाही असं कोणी म्हणत असेल, तर नाशिकमध्ये औद्योगिक सुरक्षेत आयुष्य घालवलेले, अग्निशमन दलातून आणि सैन्यातून निवृत्त झालेले अनेक जण राहतात. त्यातल्या काहींशी माझं बोलणं झालं आहे. आम्ही विनामानधन बसायला तयार आहोत. पहिल्या बैठकीला धुळे आणि मालेगावच्या मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांना बोलवा, सायखेडा-चांदोरीच्या सरपंचांना बोलवा, आणि कंट्रोल रूममध्ये रात्रपाळीला फोन उचलणाऱ्या दोघांना नक्की बोलवा. बैठकीची तारीख कळवलीत तर आम्ही आमची टिपणं घेऊन हजर राहू.

आपला,
एक निवृत्त सुरक्षा अधिकारी,
अंबड, नाशिक